विमान आणि मनोरा यांच्यातील रेडिओ-संभाषण: इंदूरच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रक होऊ पाहणारी इंदूरची मराठी मुले-मुली, त्यांचे पालक आणि एरोड्रम रोडच्या परिसरात राहून उतरणारी विमाने न्याहाळणारे काही हौशी वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वैमानिक आणि नियंत्रक नेमके कशावर बोलतात? तो साधा वॉकीटॉकीच असतो का?

तत्त्व तेच आहे. जमिनीच्या वरून उडताना नागरी हवाई संभाषण मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ पट्ट्यात, एएम पद्धतीने चालते. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते, आणि बटण दाबून बोलत असताना त्याला दुसऱ्याचे काहीही ऐकू येत नाही. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर इतरांना कर्कश शिट्टी ऐकू येते आणि बहुधा दोन्ही संदेश वाया जातात. एफएम पद्धतीत जोरकस संकेत दुबळ्याला पूर्ण दाबून टाकतो, त्यामुळे कोणाचा तरी संदेश हरवला हे कळतच नाही. एएममध्ये निदान शिट्टीवरून गोंधळ झाल्याचे समजते, आणि ही पद्धत टिकून राहण्याचा तो एक मोठा फायदा आहे. व्हीएचएफ पोहोचत नाही अशा समुद्रावरील मार्गांवर एचएफ रेडिओ आणि डेटालिंक, म्हणजे लेखी संदेशांची व्यवस्था, वापरतात (प्रश्न १५ पाहावा).

२. ठरावीक शब्दांचा एवढा आग्रह कशासाठी? अर्थ समजला म्हणजे झाले ना?

खरखरणाऱ्या हेडसेटमधून निम्मे वाक्य ऐकू येते आणि उरलेले निम्मे मेंदू अनुभवावरून भरून काढतो. वाक्याची घडण ठरलेली असेल तर हे भरून काढणे बहुतेक वेळा बरोबर ठरते. ती प्रत्येकाने आपापल्या लहरीप्रमाणे बदलली तर ऐकणाऱ्याला जे अपेक्षित असते तेच ऐकू येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, अनुबंध १० आणि दस्तऐवज ४४४४ यांत शब्दांपासून आकड्यांच्या उच्चारांपर्यंत सर्व काही ठरवून दिले आहे. तीनसाठी 'ट्री', पाचसाठी 'फाइफ' आणि नऊसाठी 'नाइनर' असे उच्चार सांगितले आहेत, कारण गोंगाटात 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची सहज गल्लत होते. 'अफर्म' म्हणजे होय, 'निगेटिव्ह' म्हणजे नाही, 'अनेबल' म्हणजे मला हे करता येणार नाही. 'स्टँडबाय' म्हणजे केवळ थांबा. त्यात परवानगीही नसते आणि नकारही नसतो, तरी नवखे विद्यार्थी त्याला होकार समजतात.

३. 'रॉजर' म्हटले की काम भागत नाही का? रीडबॅक म्हणजे काय?

'रॉजर' याचा अर्थ एवढाच, की तुमचा शेवटचा संदेश मला पूर्ण मिळाला. त्यात होकार नाही आणि पालन करीन असे आश्वासनही नाही. पालनासाठी 'विल्को' हा शब्द आहे. परंतु सुरक्षिततेशी थेट संबंध असलेल्या सूचना जशाच्या तशा परत वाचून दाखवाव्या लागतात, आणि त्यालाच रीडबॅक म्हणतात. मार्गाचा क्लिअरन्स म्हणजे परवानगी, धावपट्टीवर जाणे, उतरणे, उड्डाण करणे, ती ओलांडणे किंवा तिच्या अलीकडे थांबणे, वापरातील धावपट्टी, क्यूएनएच म्हणजे उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या उपकरणाचा) कोड, उंची, दिशा, वेग आणि नवी फ्रिक्वेन्सी हे सर्व त्यात येते.

रीडबॅकनंतरची पायरी मात्र लोक विसरतात. नियंत्रकाने ते रीडबॅक लक्षपूर्वक ऐकून आपण दिलेल्या सूचनेशी ताडून पाहायचे असते. याला हिअरबॅक म्हणतात. वैमानिकाने चुकीचे वाचले आणि नियंत्रकाने ते ऐकूनही सोडून दिले, तर दोघांनाही आपले बरोबर आहे अशी खात्री वाटत राहते, आणि ही स्थिती रीडबॅक मुळीच न देण्यापेक्षा अधिक घातक असते.

४. दर्जा खरोखर घसरला आहे, की जुन्या माणसांची ही नेहमीची तक्रार आहे?

तक्रार जुनी आहे हे खरे, आणि घसरण सरसकट नाही हेही खरे. हेडसेट आणि रेडिओ पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले झाले आहेत, इंग्रजीची चाचणी सक्तीची झाली आहे (प्रश्न ६ पाहावा), आणि रडारच्या पडद्यावर आता विमानाची उंचीही दिसते. माझ्या मते घसरण झाली आहे ती संवाद पुरा करण्याच्या शिस्तीत. पूर्ण कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरील नाव), पूर्ण रीडबॅक आणि लक्ष देऊन केलेले हिअरबॅक या तिन्ही गोष्टी सैल झाल्या आहेत.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. भारतातील देशांतर्गत विमान वाहतूक जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाली, तेव्हा त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांची गर्दीही वाढली. गर्दी वाढली की माणूस भराभर बोलतो. भराभर बोलल्याने संदेश पुन्हा सांगावा लागतो, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढते. अनुबंध १० मध्ये मिनिटाला १०० शब्दांपेक्षा अधिक वेगाने बोलू नये असे म्हटले आहे. व्यग्र सकाळी कोणत्याही मोठ्या विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर ही मर्यादा पाळणारे थोडेच सापडतील.

दुसरे कारण अनुकरणाचे आहे. तरुण सह-वैमानिक पुस्तकातून शिकलेली शब्दावली घेऊन येतो आणि काही महिन्यांतच शेजारी बसलेल्या कॅप्टनसारखे बोलू लागतो, कारण नेटके बोलणे नवखेपणाचे लक्षण वाटते आणि तुटक बोलणे अनुभवाचे. परवाना मिळाल्यानंतरच्या नियमित तपासणी-उड्डाणांत परीक्षकाचे लक्ष इंजिन बंद पडणे, आडवा वारा अशा गोष्टींवर असते, आणि अर्धवट रीडबॅकमुळे क्वचितच कोणाला पुन्हा तपासणीसाठी बोलावले जाते. २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ वैमानिक आणि नियंत्रक दीर्घ काळ सरावाबाहेर राहिले, हेही विसरता येत नाही.

५. नेमके काय बिघडले आहे? उदाहरणे द्याल का?

सर्वांत बोलके उदाहरण नुसत्या आकड्याच्या रीडबॅकचे आहे. नियंत्रकाने सूचना दिली आणि वैमानिकाने उत्तर दिले, 'टू फिफ्टी'. हा २५० नॉट वेग आहे, २५० अंशांची दिशा आहे की फ्लाइट लेव्हल २५० (म्हणजे सुमारे २५,००० फूट उंची) आहे? तिन्ही गोष्टी एकाच विमानाला एकाच सुमारास सांगितल्या जाऊ शकतात. नियंत्रकाला जे अपेक्षित आहे तेच त्याच्या कानावर पडते आणि तो पुढच्या विमानाकडे वळतो.

नव्या फ्रिक्वेन्सीवर आल्यावर आपण कोणत्या उंचीतून जात आहोत आणि कोणत्या उंचीपर्यंतची परवानगी आहे हे सांगण्याऐवजी नुसते 'विथ यू' म्हणणे ही दुसरी सवय आहे. त्या दोन शब्दांतून काहीही कळत नाही, ते केवळ हवेतील जागा अडवतात. निघण्यास तयार असल्याचे सांगताना 'फुल्ली रेडी' म्हणण्याचाही असाच प्रघात पडला आहे, जणू कोणी अर्धवट तयार होऊन परवानगी मागत असतो. नियंत्रकाने कॉलसाइन संक्षिप्त केलेला नसताना वैमानिकाने स्वतःच तो तोडणे, 'कॉपीड' म्हणून रीडबॅक टाळणे आणि बटण दोनदा खटखट करून पोच देणे हे प्रकारही त्याच माळेतील आहेत. शेवटच्या प्रकारात खटखट कोणी केली हेच कळत नाही.

नियंत्रकांचा वाटा यात कमी नाही. दिशा, उंची, वेग आणि नवी फ्रिक्वेन्सी एका दमात सांगणे म्हणजे रीडबॅकमध्ये चूक व्हावी अशी व्यवस्था करणे होय. एका विमानाचे रीडबॅक चालू असताना मनात पुढच्या विमानाची सूचना जुळवली जाते, आणि हिअरबॅक तेथेच निसटते.

६. मूळ कारण इंग्रजी कच्चे असणे हेच ना?

ते एक कारण आहे, परंतु सर्वांत मोठे नाही. आयकाओने ठरवलेल्या भाषा-प्रावीण्याच्या अटी ५ मार्च २००८ पासून लागू झाल्या. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी चाचणी होते, आणि सहा पातळ्यांपैकी चौथी पातळी ही कामापुरती किमान पातळी मानली जाते. चौथ्या पातळीच्या व्यक्तीची दर तीन वर्षांनी आणि पाचव्या पातळीच्या व्यक्तीची दर सहा वर्षांनी फेरचाचणी होते. सहावी पातळी मिळाली की पुन्हा चाचणी नाही.

ज्यांचे इंग्रजी उत्तम, ते शब्दावलीच्या बाबतीत पुष्कळदा अधिक बेशिस्त असतात, कारण त्यांना आडवळणाने बोलणे सहज जमते. परदेशी मोठ्या विमानतळांवर इंग्रजी मातृभाषा असलेला नियंत्रक बोलीभाषेत घाईघाईने सूचना देतो आणि चौथ्या पातळीचा वैमानिक दोनदा 'से अगेन' म्हणतो, तेव्हा दोष वैमानिकाच्या इंग्रजीला दिला जातो. तो दोष नियंत्रकाच्या पदरात टाकणे अधिक न्याय्य ठरेल.

७. आम्ही घरी मराठी, बाहेर हिंदी बोलतो. उच्चारामुळे अडचण येईल का?

नाही. चाचणीत उच्चार शुद्ध ब्रिटिश असावा अशी अपेक्षा नसते, तो समजावा एवढीच असते. एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. ऐकलेला आकडा मनात मराठीत फिरवू नये. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर येते, त्यामुळे 'पंचवीस' असे मनाशी म्हणून तो लिहिताना ५२ होऊन बसण्याचा धोका घाईत असतो. अंक ऐकताच सुटे सुटे लिहून घ्यावेत.

८. चरखी दादरीचा अपघात भाषेमुळे झाला असे ऐकतो. ते कितपत खरे आहे?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. चौकशी न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने केली. मूळचे आपल्या मध्य प्रदेशातील गुण्याचे लाहोटी पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

सौदी विमानाला फ्लाइट लेव्हल १४० पर्यंत चढण्याची आणि कझाक विमानाला १५० पर्यंत उतरण्याची परवानगी होती. म्हणजे दोघांत १,००० फुटांचे अंतर राहायला हवे होते. कझाक विमानाने १५० गाठल्याचे रेडिओवर सांगितलेही होते, आणि तरीही ते त्याखाली उतरले. त्या विमानात रेडिओवर बोलण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी होता आणि त्याच्यापुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता. तो वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून उंची पाहत असे. इंग्रजी समजण्यातील अडचणीची चर्चा पुष्कळ झाली आणि ती गैरलागू नाही. परंतु या अपघाताचा रेडिओपुरता धडा वेगळा आहे, असे मला वाटते. बोलणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा असेल, तर रीडबॅक बिनचूक असूनही विमान भलत्याच उंचीवर जाऊ शकते. आजही दोन वैमानिकांच्या कॉकपिटमध्ये एक बोलतो आणि दुसरा चालवतो. म्हणूनच दोघांनीही सूचना ऐकावी आणि उंचीचा आकडा एकमेकांत तपासावा असा नियम पाळला जातो.

त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकाकडे केवळ प्राथमिक रडार होते, त्यावर विमानाची उंची दिसत नसे. अपघातानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत बसवणे भारतात सक्तीचे झाले. त्या यंत्रणेबद्दल प्रश्न १८ पाहावा.

९. वैमानिक 'रेडी फॉर टेक-ऑफ' असे का म्हणत नाहीत?

नियमानुसार 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर केवळ दोन वेळा उच्चारायचा असतो: उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. इतर सर्व वेळी 'डिपार्चर' म्हणायचे. याचे मूळ २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर झालेल्या अपघातात आहे. दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ जणांचा मृत्यू झाला. केएलएमला उड्डाणानंतर घ्यायच्या मार्गाची सूचना मिळाली होती. तिचे रीडबॅक देताना सह-वैमानिकाने, आपण आता टेक-ऑफला आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य जोडले. नियंत्रकाने 'ओके' म्हटले, क्षणभर थांबून उड्डाणासाठी थांबण्यास सांगितले, आणि त्याच क्षणी आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे पॅन ॲम सांगू लागले. प्रश्न १ मध्ये सांगितलेली शिट्टी केएलएमच्या कॉकपिटमध्ये वाजली. त्यांना स्पष्ट ऐकू आले ते फक्त 'ओके'.

१०. आकडे सांगताना एवढी चूक कशी होते?

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ ला 'डिसेंड टू फोर झिरो झिरो' अशी सूचना मिळाली. नियंत्रकाला २,४०० फूट म्हणायचे होते. कर्मचाऱ्यांनी 'टू' हा अंक न समजता 'पर्यंत' असा घेतला आणि '४००' असे रीडबॅक दिले, ते कोणी दुरुस्त केले नाही. विमान डोंगरावर आदळून चौघे कर्मचारी गेले. '२,४००' हे 'टू थाउजंड फोर हंड्रेड' असेच म्हणावे, या नियमामागचे कारण यातून उघड होते. याच धोक्यामुळे ब्रिटनमध्ये फ्लाइट लेव्हल सांगताना 'टू' हा शब्द गाळतात.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे आणि प्रशिक्षणात ते अधिक उपयोगी पडते. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर क्यूएनएच दाब १००१ हेक्टोपास्कल असताना नियंत्रकाने एका एअरबस ए-३२० ला १०११ सांगितला. वैमानिकांनी १०११ चे रीडबॅक दिले, म्हणजे त्यांचे रीडबॅक अचूक होते. दहा हेक्टोपास्कलच्या फरकामुळे विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे २८० फूट खाली होते. ढग आणि पावसातून धावपट्टी न दिसल्याने त्यांनी उतरणे सोडून पुन्हा उंची घेतली, पण तोवर ते धावपट्टीच्या बरेच अलीकडे जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आले होते. त्याच नियंत्रकाने दुसऱ्या विमानालाही १०११ सांगितले होते, आणि त्या वैमानिकाने १००१ असे उत्तर दिले. सूचनेहून वेगळा आकडा परत आला, तो फरक नियंत्रकाच्या लक्षात आला असता तर त्याची स्वतःची चूक तेथेच सापडली असती. हिअरबॅक केवळ वैमानिकाची चूक पकडण्यासाठी नसते.

११. एकसारखे कॉलसाइन म्हणजे काय, आणि त्यावर उपाय काय?

एकाच कंपनीची २०६४ आणि २६०४ ही दोन विमाने एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर एकाची सूचना दुसरा घेण्याचा धोका असतो. एकाच कंपनीची अनेक विमाने एका वेळी एका विमानतळावर येतात, तेथे हे नेहमी घडते. वेळापत्रक आखतानाच असे क्रमांक दूर ठेवणे, किंवा कॉलसाइनमध्ये शेवटी अक्षर जोडणे हे उपाय आहेत. नियंत्रकही एखाद्या विमानाला तात्पुरता वेगळा कॉलसाइन देऊ शकतो. पूर्ण कॉलसाइन उच्चारण्याचा आळस अशा वेळी महागात पडतो.

१२. 'नमस्कार' किंवा 'गुड मॉर्निंग' म्हणणे चुकीचे आहे का?

फ्रिक्वेन्सी मोकळी असेल तर त्यात काही बिघडत नाही, आणि मला ते आवडते. गर्दीच्या वेळी मात्र प्रत्येक विमानाची 'नमस्कार सर, कसे आहात' ही प्रस्तावना आणि त्यावर नियंत्रकाचे उत्तर यांत एका विमानाची धावपट्टी ओलांडण्याची सूचना अडकून पडते. हेडसेटमधील सौजन्य म्हणजे थोडक्यात आणि स्पष्ट बोलणे.

१३. वैमानिक आणि नियंत्रक दोघेही भारतीय असतील तर हिंदीत बोलले तर काय हरकत आहे?

आयकाओच्या नियमात जमिनीवरील केंद्राची नेहमीची भाषा किंवा इंग्रजी, असे दोन पर्याय आहेत, आणि काही देशांत स्थानिक भाषा वापरतातही. भारतात नागरी संभाषण इंग्रजीतच चालते, आणि ते योग्यच आहे. फ्रिक्वेन्सीवरील तिसऱ्या विमानाला आजूबाजूला काय चालले आहे हे त्या संभाषणातूनच कळते. १० सप्टेंबर १९७६ रोजी झाग्रेबवर दोन विमाने आदळून १७६ जण गेले, तेव्हा नियंत्रक शेवटच्या क्षणी युगोस्लाव्ह विमानाशी स्थानिक भाषेत बोलला, आणि ब्रिटिश विमानातील वैमानिकांना ते समजणे शक्य नव्हते. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर ११८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातही इटालियन आणि इंग्रजी यांची सरमिसळ चालली होती. प्राणावर बेतलेल्या क्षणी कोणाच्या तोंडून मातृभाषा निघाली तर तो गुन्हा नव्हे, पण तो नियमही होऊ नये.

१४. इंदूर विमानतळावर या प्रश्नाचे वेगळे स्वरूप आहे का?

आहे. बिजासन टेकडीजवळील देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर ०७/२५ (हे तिच्या दोन टोकांचे क्रमांक) ही एकच धावपट्टी आहे, आणि मोठी प्रवासी विमाने व मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण-विमाने तीच वापरत आली आहेत. छोटे सेसना ज्या वेगाने शेवटच्या टप्प्यात येते, त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने त्याच्या मागून जेट येत असते. एकटा विद्यार्थी 'व्हिक्टर टँगो' (भारतीय विमानांच्या नोंदणीची व्हीटी ही अक्षरे) पासून पूर्ण कॉलसाइन म्हणत सावकाश रीडबॅक देतो, तेव्हा मागच्या जेटमधील घाई त्याला हेडसेटमधून जाणवते. प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांना या दडपणाला बळी पडू देऊ नये. त्या क्षणी विद्यार्थ्याचे बोलणे प्रमाण असते, जेटमधील तुटक बोलणे नव्हे.

दुसरी बाब हवामानाची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मध्य भारतातील दाब एक हजार हेक्टोपास्कलच्या आसपास, कधी त्याहीखाली उतरतो. ९९९, १००१, १०१० असे आकडे कानाला एकमेकांच्या फार जवळचे वाटतात. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच आहे, आणि पावसाळी ढगांत प्रश्न १० मधील पॅरिसची चूक येथे व्हायला फार काही लागत नाही. क्यूएनएचचे चारही अंक (९९९ असेल तर तिन्ही) सुटे सुटे उच्चारावेत आणि तसेच परत मागावेत.

१५. पुढे सर्व काही डेटालिंकवर गेले की हा प्रश्नच सुटेल ना?

लेखी संदेशाने ऐकण्याच्या चुका टळतात, यात शंका नाही. परंतु संदेश लिहून, पाठवून, वाचून उत्तर देण्यात वेळ जातो, म्हणून ही व्यवस्था समुद्रावरील आणि उंचावरील संथ टप्प्यांत चांगली चालते. चेन्नई, मुंबई आणि कोलकाता यांच्या समुद्री क्षेत्रांत ती वापरातही आहे. शेवटच्या दहा मैलांत, जेथे दर काही सेकंदांना सूचना बदलते, तेथे आवाजाला पर्याय नाही. उलट बोलण्याचा सराव कमी होऊन त्याच टप्प्यात चुका वाढण्याची भीती आहे.

१६. मुलगी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करते आहे. आरटीआरची तयारी कशी करावी?

आरटीआर म्हणजे रेडिओ-संभाषणाचा परवाना. ही परीक्षा वर्षानुवर्षे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेत असे. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने हे काम नागरी विमान वाहतुकीच्या अखत्यारीत आणले आहे.

तयारी करणारी बहुतेक मुले संवाद पाठ करतात, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने मधेच वेगळी सूचना दिली की गडबडतात. पाठांतराने रीडबॅक जमते, हिअरबॅक जमत नाही. दोघांनी मिळून सराव करावा: एकाने नियंत्रक व्हावे, दुसऱ्याने दहापैकी दोन-तीन वेळा मुद्दाम चुकीचे रीडबॅक द्यावे, आणि पहिल्याने ते पकडावे. इंदूरच्या धावपट्टीचा नकाशा कागदावर काढून २५ च्या बाजूने निघणे आणि ०७ वर उतरणे असे प्रसंग बोलून पाहावेत. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून बोलण्याचा वेग मोजावा. पालकांनी इंग्रजी संभाषणाच्या क्लासवर पैसा खर्च करण्यापूर्वी हे करून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१७. संकटात असताना 'प्रायॉरिटी' मागितली तर पुरत नाही का?

नाही. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आविआंका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा मृत्यू झाला. कर्मचाऱ्यांनी प्राधान्य मागितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण आणीबाणी जाहीर केली नाही. आता शब्द ठरलेले आहेत. 'मिनिमम फ्युएल' ही पूर्वसूचना असते: यापुढे उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागू शकतो. तिने प्राधान्य मिळत नाही. 'मेडे, मेडे, मेडे फ्युएल' ही आणीबाणी असते. तातडी आहे पण लगेच धोका नाही, अशा वेळी 'पॅन-पॅन' तीनदा म्हणतात. संकटात संकोचाने सौम्य शब्द निवडणे हा आपल्याकडील स्वभाव आहे, आणि तो येथे सोडावा लागतो.

१८. नियंत्रकाची सूचना आणि टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा इशारा परस्परविरुद्ध असतील तर?

यंत्रणेचा इशारा पाळायचा आणि नियंत्रकाला 'टीकॅस आरए' असे लगेच सांगायचे (टीकॅस म्हणजे ती यंत्रणा, आरए म्हणजे तिने दिलेला चढण्या-उतरण्याचा इशारा). १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगनवर रशियन विमानाने यंत्रणेचा चढण्याचा इशारा सोडून नियंत्रकाची उतरण्याची सूचना पाळली, आणि ७१ जण गेले.

१९. नियंत्रकाने 'नंबर वन' म्हटले तर धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली असे समजायचे का?

मुळीच नाही. तो केवळ रांगेतील क्रमांक आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याच्या जागेपर्यंत, जाण्याची सूचना देताना 'नंबर वन' असे सांगण्यात आले. त्यांनी रीडबॅक बरोबर दिले, तरीही ते धावपट्टीवर गेले आणि उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या एअरबसशी टक्कर झाली. एअरबसमधील सर्व ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मृत्यू पावले. 'लाइन अप', 'क्रॉस' किंवा 'क्लिअर्ड' यांपैकी शब्द कानावर आल्याखेरीज धावपट्टीची रेषा ओलांडू नये.

२०. दुसऱ्या विमानाने चुकीचे रीडबॅक दिलेले आपल्याला ऐकू आले तर मध्ये बोलावे का?

हो, थोडक्यात. आपला कॉलसाइन सांगून त्या विमानाचे रीडबॅक तपासण्याची विनंती नियंत्रकाला करावी. स्वतः दुरुस्ती सांगू नये, कारण कदाचित आपणच चुकीचे ऐकलेले असते. कनिष्ठांना यात आगाऊपणा वाटतो. तसे मानण्याचे कारण नाही.

२१. घरी बसून इंदूर टॉवर ऐकता येईल का?

परवान्याशिवाय असे रेडिओ बाळगणे भारतात कायद्याला धरून नाही. सरावासाठी विदेशी विमानतळांची खुली ध्वनिमुद्रणे ऐकावीत, मात्र त्यांतील तुटक सवयी उचलू नयेत.

२२. रीडबॅक दिल्यावर नियंत्रक काहीच बोलला नाही, तर ते बरोबर आहे असे समजायचे का?

प्रचलित पद्धतीत शांतता म्हणजे संमती. रोजच्या बहुतेक सूचनांना नियंत्रक 'रीडबॅक करेक्ट' म्हणत नाही, आणि तसे प्रत्येक वेळी म्हणू लागला तर फ्रिक्वेन्सी तुंबेल. पण शांततेला दुसरीही कारणे असू शकतात. तो शेजारच्या केंद्राशी फोनवर बोलत असेल, आपले रीडबॅक दुसऱ्या कोणाच्या बोलण्याखाली दबले असेल, किंवा त्याने ऐकलेच नसेल. म्हणून धावपट्टी आणि उंची यांबाबत किंचितही शंका असेल तर 'कन्फर्म' म्हणून तो आकडा पुन्हा विचारावा, त्याला दोन सेकंद लागतात. त्यालाही उत्तर आले नाही आणि इतर कोणाचाही आवाज बराच वेळ ऐकू आला नसेल, तर दुसरी फ्रिक्वेन्सी शोधण्यापूर्वी आपलेच बोलण्याचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकलेले नाही ना, हे आधी तपासावे.